बुक केलेली गाडी सहा महिने येत नसेल तर

सांगलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. जूनमध्ये सात आसनी गाडीचा सगळ्यात वरचा पेट्रोल ऑटोमॅटिक व्हेरिएंट पंचवीस हजार भरून बुक केला. शोरूमने दसरा सांगितला. दसरा गेला, दिवाळीचा पाडवा गेला, आता डिसेंबर निम्मा सरला आणि ‘जानेवारीत नक्की’ असं चालू आहे. दसऱ्याला नवी येणार म्हणून जुनी गाडी ऑगस्टमध्येच विकून टाकली. कर्जही तेव्हाच मंजूर होऊन पडलंय. आता सेल्सवाला म्हणतो, ‘पूर्ण पेमेंट करा, तुमचा नंबर वर घेतो.’ शिवाय साठ हजारांचं ॲक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तर आणखी लवकर. थांबायचं, रद्द करायचं, की पैसे भरून मोकळं व्हायचं?

माझी बरीच वर्षं शोरूममध्ये गेली. आधी विक्रीत होतो, नंतर अलॉटमेंटच्या टेबलावर, म्हणजे आलेली गाडी कुठल्या गिऱ्हाइकाच्या नावावर टाकायची हे जिथे ठरतं तिथे. आता बाहेरून लोकांना गाडी घ्यायला मदत करतो. त्यामुळे हे उत्तर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघून लिहितोय.

गाडी कधी येणार हे बऱ्याचदा शोरूमच्या मालकालाही माहीत नसतं. सेल्स एक्झिक्युटिव्ह दसरा सांगतो कारण गिऱ्हाईक दसरा ऐकायला आलेलं असतं. तुमची खरी अडचण अशी झालीय की त्या तोंडी तारखेवर तुम्ही जुनी गाडी विकलीत, कर्ज मंजूर करून घेतलंत आणि घरी मुहूर्तही सांगून बसलात. आता तारीख सरकली की सगळंच सरकतं. म्हणून इथून पुढे एकच पथ्य पाळा: शोरूमला तारीख विचारायची नाही, गाडी कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारायचं. आणि चेसिस नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीवर कोरलेला तिचा स्वतःचा क्रमांक, हातात येईपर्यंत पैशाचा एकही मोठा निर्णय घ्यायचा नाही.

टप्पे काय असतात ते सांगतो. तुम्ही पंचवीस हजार भरता तेव्हा पावती फाटते. ती पावती म्हणजे ऑर्डर नव्हे. शोरूमने तुमच्या नावाने, तुमच्या व्हेरिएंट-रंगासकट कंपनीच्या सिस्टिमवर नोंद टाकली की ऑर्डर नंबर तयार होतो. गर्दीच्या दिवसांत ही नोंद राहून गेलेली मी पाहिली आहे. पुढे कंपनी डीलरच्या नावावर गाडीचं बिलिंग करते, तेव्हा त्या गाडीला चेसिस नंबर असतो. मग ट्रेलरवर चढून गाडी ट्रान्झिटमध्ये जाते, डीलरच्या यार्डात उतरते आणि तिथे कुणाच्या तरी नावावर अलॉट होते. बिलिंग झाल्यानंतरचा काळ दिवसांत मोजता येतो. चाकणहून सांगलीला ट्रेलर एका दिवसात येतो, हरियाणातल्या मानेसरहून आठवडा-दहा दिवस धरावेत. बिलिंगच्या आधीचा काळ मात्र कुणीच नेमका सांगू शकत नाही. ‘जानेवारीत नक्की’ म्हणणाऱ्याकडे चेसिस नंबर नसेल तर तो अंदाज सांगतोय, एवढंच समजा.

(पुण्याचे लोक मला नेहमी म्हणतात, ‘अहो, गाडी चाकणला बनते, आमच्या घरापासून तासाभरावर, आणि आम्हाला दीड वर्ष थांबायला सांगतात.’ कारखाना जवळ असल्याने ट्रेलरचे दिवस वाचतात. रांग तेवढीच राहते.)

रांगेचा अंदाज मात्र तुम्ही स्वतः काढू शकता. शोरूममध्ये जाऊन, फोनवर नव्हे, टीम लीडर किंवा सेल्स मॅनेजरला दोन गोष्टी विचारा: ‘माझ्या व्हेरिएंटच्या माझ्यापुढे किती ऑर्डरी पेंडिंग आहेत?’ आणि ‘गेल्या दोन महिन्यांत हाच व्हेरिएंट तुम्हाला किती आला?’ पुढे चौदा जण आहेत आणि महिन्याला दोन गाड्या येतात असं कळलं, तर जानेवारी कुठून येणार? सात महिने झाले. यातले काही जण रद्द करतात, कारण लोकप्रिय गाडीला लोक दोन-तीन ठिकाणी बुकिंग करून ठेवतात, म्हणून रांग प्रत्यक्षात थोडी वेगाने सरकते. पण सातचे चार होतील, एक नाही. मॅनेजर आकडे सांगायला टाळाटाळ करू लागला तर स्क्रीन दाखवायला सांगा. सगळे दाखवत नाहीत, पण मागणाऱ्याशी बोलण्याचा सूर बदलतो.

हे गणित कंपन्यांनाही चुकत नाही. सुझुकीने २०२५ च्या जानेवारीअखेर जपानमध्ये पाच दारांची जिम्नी जाहीर केली, आपल्याकडे गुरुग्रामला बनून तिकडे जाणारी. महिन्याला १,२०० गाड्या विकायचा बेत होता आणि चार दिवसांत सुमारे ५०,००० ऑर्डरी आल्या. भागाकार केला तर शेवटच्या माणसाला तीन वर्षांहून जास्त थांबावं लागलं असतं. कंपनीने सरळ नवीन ऑर्डरी घेणं थांबवलं. आपल्याकडे टोयोटाने २०२३ च्या एप्रिलमध्ये इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या हायब्रिड व्हेरिएंटची बुकिंग अशीच थांबवली होती. मला हे प्रामाणिकपणाचं वाटतं. थांबवलं नाही की काय होतं तेही आपण पाहिलंय: महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची बुकिंग ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली तेव्हा ५७ मिनिटांत २५,००० गाड्या बुक झाल्या, आणि पुढच्या वर्षी वरच्या व्हेरिएंटला दीड-दीड वर्षाची वेटिंग लागली.

वरच्याच व्हेरिएंटला का? त्यात इलेक्ट्रॉनिक्स जास्त असतं. रडार, कॅमेरे, मोठे स्क्रीन, विजेवर हलणाऱ्या सीट, या सगळ्यांना चिप लागतात. एक सुटा भाग अडला तरी गाडी कारखान्यातून निघत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये जपानच्या रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या चिप कारखान्याला आग लागली आणि जगभरच्या वाहन कंपन्यांचं वेळापत्रक कोलमडलं. २०२२ च्या ऑक्टोबरात टोयोटाला जपानमध्ये दोन स्मार्ट चाव्यांच्या जागी एक स्मार्ट आणि एक साधी चावी देऊन गाड्या सोडाव्या लागल्या होत्या. तो तुटवडा ओसरला, मग २०२५ मध्ये चीनने गाड्यांच्या सुट्या भागांत लागणाऱ्या दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळली आणि पुन्हा धास्ती पसरली. एवढं सांगायचं कारण इतकंच की उशीर होतो तेव्हा दर वेळी शोरूमवाला खोटं बोलत असतो असं नाही. तो खोटं बोलतो ते तारखेच्या बाबतीत.

आता तुमच्या पुढ्यातला सापळा: ‘पूर्ण पेमेंट करा, नंबर वर घेतो.’

यात अर्धं तथ्य आहे. डीलर कंपनीकडून गाडी उचलतो ती बहुतेक वेळा कर्जावर, आणि यार्डात गाडी उभी राहिली की त्याला रोजचं व्याज पडतं. म्हणून अलॉटमेंटच्या टेबलावर दोन नावं समोर असली, तर ज्याचा पैसा तयार आहे त्याच्या नावावर गाडी पटकन जाते. मीही तेच करत असे. पण पैसा तयार असणं वेगळं आणि पैसा डीलरच्या खात्यात पडून असणं वेगळं. तुमच्यासारख्या कर्ज घेणाऱ्यासाठी सोय आहेच: बँकेचं मंजुरीपत्र द्या, आणि गाडी बिल झाल्याचं कळलं की बँकेकडून डी.ओ., म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर (‘गाडी द्या, पैसे आम्ही देतो’ असं बँकेचं डीलरला पत्र), काढून घ्या. रक्कम नंतर डीलरकडे जाते. शोरूमसाठी तुम्ही ‘तयार’ गिऱ्हाईक झालात, आणि तुमचा हप्ता मात्र सुरू झाला नाही. गाडी नसताना कर्ज वाटप करून घेतलं तर नसलेल्या गाडीचं व्याज तुम्ही भरत बसाल. पंधरा लाखांच्या कर्जावर नऊ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याजच सव्वाअकरा हजार होतं.

एक बघून घ्या. तुमची मंजुरी ऑगस्टमधली आहे. मंजुरीपत्राला मुदत असते, ती संपली असेल तर बँक पुन्हा कागद मागेल आणि व्याजदरही त्या दिवशीचा लावेल. आत्ताच शाखेत जाऊन मुदत वाढवून घ्या, म्हणजे गाडी आल्यावर धावपळ नको. आणि मार्जिनचे, म्हणजे कर्जाव्यतिरिक्त तुमच्या खिशातले, पैसे भरायची वेळ येईल तेव्हा ते डीलरच्या बँक खात्यातच भरा, पावतीसकट. एक्झिक्युटिव्हच्या मोबाईल नंबरवर यूपीआय करायचं नाही, माणूस कितीही ओळखीचा असला तरी.

साठ हजारांच्या पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नाही म्हणा. सीट कव्हर, मॅट, पेंट कोटिंग यांत डीलरचा नफा गाडीपेक्षा जास्त असतो, म्हणून टंचाईच्या काळात तो पॅकेजच्या पाठीमागे लागतो. विमाही शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. फक्त व्यवहारही बघा. तुम्हाला सीट कव्हर आणि मॅट घ्यायचेच असतील, तर ते दहा-पंधरा हजारांचं सामान शोरूमकडून घेण्यात काही बिघडत नाही, पण त्या बदल्यात चेसिस नंबर मेलवर मागा. ‘सीट कव्हर, मॅट घेतो, आज चेसिस नंबर द्या’ असं म्हणून बघा. गाडी खरंच असेल तर देतील. नसेल तर विषय तिथेच मिटतो.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. सध्या डिसेंबर आहे. बरीच गिऱ्हाइकं या दिवसांत गाडी आली तरी म्हणतात, ‘आता नको, जानेवारीत नोंदणी करू, नवीन वर्षाची गाडी होईल.’ शिवाय पौष लागला की काही घरांत नवी वस्तू आणत नाहीत. पितृपक्षात तर हे फार ठळकपणे दिसतं: गाड्या यार्डात उभ्या आणि नावावर करून घ्यायला कुणी तयार नाही, सगळ्यांना घटस्थापनेनंतर हवी. अशा दिवसांत जो माणूस ‘मला चालेल’ म्हणतो, तो रांगेत अचानक वर येतो. तेव्हा सेल्स मॅनेजरला आजच सांगून ठेवा की डिसेंबरात बनलेली, अगदी नोव्हेंबरात बनलेलीही गाडी तुम्ही लगेच घ्याल, नोंदणी याच महिन्यात चालेल, आणि रंगाचीही अट थोडी सैल आहे. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि ३१ मार्च या दिवसांत शोरूमला आकडा पूर्ण करायचा असतो. तेव्हा असं गिऱ्हाईक त्यांना हवंच असतं.

यात तोटा एवढाच की दोन-तीन वर्षांत विकायला गेलात तर गाडी एका वर्षाने जुनी धरली जाते. तुम्ही आधीची गाडी नऊ वर्षं वापरली असं लिहिलंय. नऊ वर्षांनी कुणी महिना मोजत नाही. उलट या कारणावर थोडी सवलत मागा. जानेवारी उजाडला आणि मागच्या वर्षी बनलेली गाडी नवीन म्हणून देऊ लागले, तर ती सवलत मागायचा तुमचा हक्कच आहे. निर्मितीचा महिना आणि वर्ष फॉर्म २२ वर, म्हणजे गाडीसोबत येणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर, असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किंमतीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत जवळजवळ नेहमीच लिहिलेलं असतं की किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागेल. बऱ्याच कंपन्या जानेवारीत भाव वाढवतात. कधी कंपनी स्वतःच पहिल्या काही गिऱ्हाइकांना सुरुवातीची किंमत राखून देते, जशी एक्सयूव्ही ७०० च्या पहिल्या २५,००० ना दिली होती. तसं तुमच्या बाबतीत जाहीर झालं नसेल तर वाढ तुमच्याच माथी. वाढीवर रस्ता करही वाढतो. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला करासाठी धरलेली किंमत १० ते २० लाखांत असेल तर १२ टक्के आणि २० लाखांच्या वर १३ टक्के कर आहे. म्हणजे १९ लाख ९० हजारांची गाडी २० लाख १० हजारांवर गेली तर किंमत वाढते वीस हजार आणि कर वाढतो साधारण साडेबावीस हजार. तुमची गाडी या काठावर असेल तर डिसेंबरात घेण्याला हे आणखी एक कारण.

थांबल्याने फायदा झालेलेही लोक आहेत, हे सांगायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तेव्हा मोठ्या एसयूव्हीवरचा ५० टक्क्यांचा बोजा, सेस धरून, ४० वर आला. ज्यांचं बिल त्याआधी झालं नव्हतं ते वेटिंगवाले अचानक हसू लागले. पण असं दर वर्षी होत नाही, आणि त्या आशेवर थांबा असं मी सांगणार नाही.

जुन्या गाडीबद्दल दोन कामं आजच करा. विकलेल्या गाडीचं आर.सी. (नोंदणीपत्र) घेणाऱ्याच्या नावावर झालंय का ते परिवहनच्या साइटवर तपासा. झालं नसेल तर त्या गाडीने उद्या काही केलं तर नोटीस तुमच्या दारात येते. दुसरं, जुन्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. तुमचा क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते आणि ते पत्र तीन वर्षं चालतं. शोरूममधला विमावाला ही गोष्ट आपण होऊन काढेलच असं नाही. ज्यांची जुनी गाडी अजून दारात आहे त्यांनी ती चेसिस नंबर मिळेपर्यंत विकू नये. आणि विमा वेटिंगच्या काळात संपत असेल तर बेशक नवा करून घ्यावा. संपून ९० दिवस उलटले तर हा बोनस जातो, मग वाचवलेले चार पैसे महागात पडतात.

गाडीवाचून रोजचं कसं भागवता ते तुम्ही लिहिलं नाहीत. इथे माझं उत्तर तुमच्या घरच्या परिस्थितीवर ठरेल. घरात दुसरी गाडी असेल, किंवा महिन्यातून चार वेळा भाड्याची गाडी करून भागत असेल, तर मार्चपर्यंत थांबणं परवडतं. रोज आईवडिलांना दवाखान्यात न्यायचं असेल किंवा धंदा गाडीवर असेल, तर आवडीचा व्हेरिएंट हा हट्ट आहे. खालचा व्हेरिएंट, दुसरा रंग, मॅन्युअल गिअर, यांतलं काय लवकर मिळतं ते विचारा. याच कंपनीचे कोल्हापूर, सातारा, पुण्याचे डीलरही पाहा. राज्यातल्या राज्यात दुसऱ्या जिल्ह्यातून गाडी घेता येते, पासिंग कुठलं होणार ते फक्त आधी बोलून घ्या. बेळगाव-निपाणी जवळ आहे म्हणून तिकडे बुक करायचा मोह होतो. तिथून तात्पुरत्या नोंदणीवर आणून कर इथेच भरावा लागतो, त्यामुळे गाडी तिथे खरोखर उभी असेल तरच त्या भानगडीत पडा.

दोन ठिकाणी बुकिंग ठेवण्याबद्दल: मला आवडत नाही, कारण अशाच बुकिंगांनी रांग फुगते. पण सहा महिने थांबलेल्या माणसाला मी नको म्हणू शकत नाही. एका ठिकाणची गाडी बिल झाली की दुसरीकडचं त्याच दिवशी रद्द करा.

तर तुमच्यापुरतं असं: आज ऑर्डर नंबर मागा, रांगेचे दोन आकडे घ्या, डिसेंबरची गाडी चालेल हे मेलवर लिहून कळवा, पूर्ण पेमेंट आणि पॅकेज दोन्हीला नकार द्या. आकडे पाहून वेटिंग मार्चच्या पुढे जात असेल तर मी तुमच्या जागी दुसऱ्या पसंतीची गाडी घेतली असती.

रद्द करायचं ठरलं तर तोंडी सांगू नका. शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच मेलमध्ये लिहा: पावती क्रमांक, रक्कम, सांगितलेली तारीख, परताव्याचं खातं. बुकिंगची रक्कम बहुतेक परत मिळते, काही ठिकाणी थोडी कपात असते, ती फॉर्मवर लिहिलेली असायला हवी. महिनाभर पैसे आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एवढ्याने बरीच प्रकरणं मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तक्रार ऑनलाइन करता येते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मात्र नुसत्या उशिराची भरपाई मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. फॉर्मवर ‘अंदाजे’ हा शब्द छापलेला असतो. पूर्ण पैसे घेऊन महिनोन्‌महिने ठेवले, किंवा तुम्हाला लेखी दिलेल्या चेसिस नंबरची गाडी दुसऱ्याला दिली, तर गोष्ट वेगळी. तिथे तुमची बाजू भक्कम होते.

आणि गाडी आली की घाई करू नका. इतके महिने थांबलेला माणूस हार-पेढे घेऊनच शोरूममध्ये येतो आणि पांढरा कपडा ओढला की सगळं विसरतो. नोंदणीच्या आधी यार्डात जा, तीही दिवसाउजेडी. चेसिस नंबर कागदाशी जुळवा. ओडोमीटर बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ते पाचही टायरांवर वाचा. दारांच्या कडा आणि बंपरच्या सांध्यांतला रंग सारखा आहे का ते आडव्या उजेडात पाहा, ट्रेलरवर चढता-उतरताना तिथेच ओरखडे पडतात. काही खटकलं तर गाडी नावावर होण्याआधी बदलून मागता येते. नंतर फक्त दुरुस्ती मिळते. आधी गाडी दाखवायला नकार दिला तर उरलेले पैसे भरू नका.